चिलटाने केलेला पोपट

अंधारात उठायचं, थंडगार तळ्यात कमरेपर्यंत उभं राहायचं आणि समोर वीस-पंचवीस ट्राउट मासे मजेत खातायत, पाण्यावर वर्तुळांवर वर्तुळं उमटतायत, ते नुसतं बघत बसायचं, याला फ्लाय-फिशिंगचा, म्हणजे खोट्या किड्याने मासे पकडायचा, छंद म्हणतात म्हणे. शिक्षा आहे ही. आणि खातायत काय तर चिलटं! डासाची चुलत भावंडं दिसतात पण चावत नाहीत, मोठी झाली की बहुतेकांचं खाणंपिणं जवळपास बंदच, दोन-चार दिवस उडायचं, लग्न उरकायचं आणि मरायचं. एवढ्याशा आयुष्यात त्यांना माझा पोपट करायला वेळ कसा मिळतो कोण जाणे.

मी तसा तयारीचा माणूस. आदल्या दिवशी तळातला मूठभर गाळ उचलून डबीच्या पांढऱ्या झाकणात पाण्यात सोडला. आधी नुसता चिखल, मग तो चिखलच हलायला लागला. एक अळी रक्तासारखी लाल, तिच्या शेजारी एक शेवाळी, एक मळकट पांढरी, आणि एक काळपट, इतकी बारीक की मला वाटलं माझ्याच स्वेटरचा धागा पडलाय, तो उचलायला गेलो तर धाग्याने आठचा आकडा काढला आणि पळाला. लाल असते ती हिमोग्लोबिनमुळे, आपल्या रक्तात असतं तेच, कारण तळाच्या गाळात ऑक्सिजनची बोंब असते. बरं या चिलटांच्या जाती हजारोंनी, आणि प्रत्येक अळी लहानाची मोठी होताना तीनदा कात टाकते, म्हणजे एकाच जातीत चार साइज आले. अंटार्क्टिकात बेल्जिका नावाचं एक बिनपंखी चिलट आहे, ते अळी म्हणूनच जवळजवळ दोन वर्षं काढतं. हे मी घरी सांगितलं तर उत्तर आलं, मग त्याच्यापेक्षा तुमचं काय वेगळं चाललंय.

असो. तर रात्री एक वाजेपर्यंत बसून मी चारही रंगांचे फ्लाय, म्हणजे गळावर बांधायचे ते खोटे किडे, बांधले, बावीस नंबरच्या गळावर. आमच्यात नंबर वाढला की गळ लहान होतो, ज्याने हे ठरवलं त्याला चाळिशी लागली नसणार. आणि सकाळी गार पडलेल्या बोटांनी त्या गळाच्या भोकातून सिक्स-एक्सचा दोरा ओवायचा, म्हणजे साधारण ०.१३ मिलिमीटर जाडीचा. चष्मा कपाळावर घेतला तर भोक दिसतं पण दोरा दिसत नाही, चष्मा खाली घेतला तर उलटं. शेवटी आकाशाकडे गळ धरून, श्वास रोखून, जीभ बाहेर काढून ओवला एकदाचा, गाठ मारली, ओढून बघितली आणि तुटली.

लाल लावला, इंडिकेटर, म्हणजे मासा लागला की हलणारा तरंगता गोळा, लावून तळाशी सोडला. काही नाही. शेवाळी, काही नाही. पांढऱ्याकडे एक मासा आला, त्याने बघितलं, आणि स्थळ नाकारावं तसा वळून गेला. मग म्हटलं वरची उडती चिलटंच खात असतील, म्हणून ग्रिफिथ्स नॅट लावला, मोराच्या पिसाचा तो फ्लाय, चिलटांचा घोळका पाण्यावर बसलाय असं माशाला वाटतं म्हणे. वाटलं नाही. चार तासांत अकरा फ्लाय बदलले, त्यातले तीन झाडाने घेतले, एक माझ्या टोपीने.

शेजारी एक काका शांतपणे पकडलेला चौथा मासा परत पाण्यात सोडत होते. मला राहवेना.

"काका, कुठला रंग लावलाय?"

"रंग राहू द्या हो. तो बघा उठला. काय दिसलं?"

"मासा."

"माशाचं काय दिसलं? तोंड की पाठ?"

बघितलं तर खरंच, तोंड कुठेच वर येत नव्हतं, नुसती पाठ आणि शेपटीचं टोक. म्हणजे पृष्ठभागाच्या इंचभर खाली जेवणावळ चालू होती. अळीचा कोष झाला की तो तळातून वर येतो, कातडीखाली गॅस साठल्यामुळे चांदीसारखा चमकतो, आणि पाण्याच्या सायीला खालून टेकून उभा लटकतो. मग पाठ उकलते, आतून चिलट निघतं, कात तिथेच तरंगत राहते. त्या लटकण्यात त्याला ना पळता येतं ना उडता, आणि ट्राउटला नेमकं तेच हवं असतं, आयतं. मी एक तर तळाशी होतो नाहीतर वर, मधल्या मजल्यावर गेलोच नव्हतो.

काकांनी सांगितलं तसं केलं, काळा कोषाचा फ्लाय, डोक्याशी पांढरा झुपका, दोऱ्याला ग्रीस फासलं शेवटचे पाच सेंटीमीटर सोडून, म्हणजे दोरा तरंगतो आणि फ्लाय खाली लटकतो. दुसऱ्याच फेकीला लागला! हात थरथरत होते पण जाळ्यात आला.

सोडायच्या आधी काकांनी छोटा रबरी पंप काढून अलगद त्याच्या घशातलं थोडं माझ्या त्या पांढऱ्या झाकणात घेतलं. काळे कोष होतेच ढीगभर, पण त्यातच लाल अळी, शेवाळी अळी, पांढरीसुद्धा, म्हणजे रात्री एकपर्यंत बांधलेलं सगळं त्याने कधी ना कधी खाल्लेलं, फक्त माझं सोडून. आणि मधोमध काटकीचा एक तुकडा.

काका झाकणात वाकून बघत म्हणाले, "अहो, हा काटकीचा फ्लाय आहे का तुमच्याकडे?"