भुलीनं मेंदूचा पडदा फाटत नाही, मावशी

सोलापुरात सध्या एक मेसेज फिरतोय. "शुगरवाल्यांनी भूल घेऊ नये. साखरेनं मेंदूचा पडदा सडलेला असतो, भुलीचं औषध तो फाडून आत शिरतं, स्मृती कायमची जाते. घ्यायचीच तर कमरेतून घ्या. नाहीतर महिनाभर मेथीचा काढा पिऊन मग ऑपरेशन करा." पूर्व भागातल्या एका तेलुगूभाषक मावशींचा खुबा न्हाणीत घसरून मोडला. आयुष्यभर विड्या वळल्या, शुगर पंधरा वर्षांची. मुलानं हा मेसेज दाखवून विचारलं, "डॉक्टर, महिनाभर थांबू का?" मी भूलतज्ज्ञ, त्यामुळं उत्तर मलाच द्यावं लागलं.

आधी पडदा, म्हणजे रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की त्यांच्या मधून जवळजवळ काहीच झिरपत नाही. आपल्या चादरीची वीण घट्ट म्हणतात, पण तिच्यातून पाणी तरी गळतं. भुलीच्या औषधाला मात्र ही वीण उसवावी लागत नाही. पेशीचं आवरण स्निग्ध आणि औषधही स्निग्धात विरघळणारं, म्हणून ते थेट पेशीतूनच पार होतं. प्रोपोफॉल हे भुलीचं औषध दुधासारखं पांढरं दिसतं, कारण ते पाण्यात नीट विरघळत नाही आणि सोयाबीन तेलाच्या इमल्शनमध्ये घालून द्यावं लागतं. शिरेत गेलं की मिनिटाच्या आत माणूस झोपतो. पडदा फाटल्यामुळं नव्हे, औषध पार गेल्यामुळं.

मेसेजमध्ये खऱ्याचा एक कण आहे, तोही सांगतो. २००८ साली मांजरांवरच्या प्रयोगात आयसोफ्लुरेन हे श्वासातून द्यायचं भुलीचं औषध दिल्यावर हा अडसर थोडा सैल झालेला दिसला, मात्रा वाढवली तशी गळती वाढली. पण मांजराच्या मेंदूतली गळती म्हणजे माणसाची गेलेली स्मृती नव्हे.

आता साखर. कडक भाकरीवर तपकिरी डाग पडतात ना, तिथं साखर आणि प्रथिनं उष्णतेनं जोडली जातात. माय्यार या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९१२ साली ही क्रिया मांडली. शरीरात तव्याची आच नसते, पण रक्तात साखर जास्त राहिली की तेच काम हळूहळू होतं. तुमची 'तीन महिन्यांची शुगर' म्हणजे हिमोग्लोबिनला चिकटलेली साखरच. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून हिशेब तीन महिन्यांचा. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतली प्रथिनं मात्र वर्षानुवर्षं टिकतात, त्यांच्यावर हा थर साचत जातो. त्यातून तयार झालेली संयुगं अस्तरातल्या पेशींना चेतवतात, सूज येते, जोड ढिले पडतात. म्हणजे जुन्या, बेफिकीर शुगरमध्ये अडसर कमकुवत होऊ शकतो, हे मान्य. पण 'सडला' म्हणणं म्हणजे सुतावरून स्वर्ग. शिवाय ऑपरेशननंतर बरळायला एकटी भूल कारण नसते. वय, आधीचा विसराळूपणा, जंतुसंसर्ग, वेदना, खुद्द जखमेची सूज, हे सगळं त्यात असतं.

कमरेतली सुई? अमेरिका-कॅनडात खुबा मोडलेल्या १,६०० रुग्णांवर अभ्यास झाला, २०२१ साली निष्कर्ष आले. भ्रम झाला तो कमरेतल्या भुलीत २०.५ टक्के आणि पूर्ण भुलीत १९.७ टक्के जणांना. फरक नाहीच म्हणा. कमरेतून देण्याची इतर कारणं असतात, मेंदू वाचवणं हे त्यातलं नव्हे.

काढ्याबद्दल काय बोलायचं? वर्षानुवर्षं साचलेला थर महिन्यात धुऊन निघत नाही. हर्निया असता आणि तीन महिन्यांची शुगर फार चढलेली असती, तर मीच थांबवलं असतं. पण मोडक्या खुब्यानं महिनाभर पडून राहिलं की पाठीला जखमा, न्यूमोनिया, पायात गुठळ्या. हे ऑपरेशन एक-दोन दिवसांत उरकायचं असतं.

मुलाला तीन कामं सांगितली. चष्मा आणि कानाचं मशीन शुद्धीवर येताच द्या, रात्री झोप मोडू देऊ नका, आणि उशाशी तेलुगू बोलणारं घरचं माणूस ठेवा. साखर १८०च्या खाली ठेवणं आमच्याकडं.

दुसऱ्या रात्री मावशी बरळल्या. हवेत बोटं फिरवून विड्या वळत होत्या. मुलाचा फोन आला, आवाज कापत होता. मूत्राची तपासणी केली, वेदनेचं औषध बदललं, खोलीतला दिवा मालवला. सकाळी त्यांनी मुलाला नावानं हाक मारली आणि चहा मागितला. साखर घालून.