नवऱ्याची कव्हरं

कुणाचा नवरा शेअर घेतो, कुणाचा गावाकडे एनए प्लॉट. माझा नवरा चोर बाजारातून कव्हरं घेतो. जुन्या रेकॉर्डची. आत रेकॉर्डही असते, पण ती मुलीबरोबर करवली यावी तशी. मटण स्ट्रीटवरचे चाचा बिचारे विचारतात, "साब, बजाके देखोगे?" तर हा म्हणतो, "नहीं नहीं, जरा उजाले में पकडो." तबकडीवर कितीही ओरखडे असोत, पुठ्ठ्याचे चारही कोपरे शाबूत पाहिजेत.

एलपीचं, म्हणजे मोठ्या रेकॉर्डचं, कव्हर बारा इंचांहून थोडं मोठं असतं. आमच्या कपाटाचा कप्पा बारा इंचांहून थोडा लहान, म्हणून हे माप मला पाठ आहे. बरं, रेकॉर्डी आडव्या रचल्या तर वाकतात, त्यामुळे त्या उभ्याच ठेवायच्या. त्या उभ्या राहिल्या आणि माझ्या साड्या बेडखाली आडव्या झाल्या. पावसाळ्यात डोंबिवलीच्या हवेत पुठ्ठ्याला बुरशी धरते. मग रविवारी सुती फडकं घेऊन बसायचं. पुसायचं मी, माहिती सांगायची त्याने.

"पूर्वी अमेरिकेत रेकॉर्डी नुसत्या तपकिरी पुठ्ठ्यात यायच्या," तो सुरू होतो. "१९४०च्या सुमारास कोलंबिया कंपनीतल्या ॲलेक्स स्टाइनवाइसला ते बघवेना. विशीतला पोरगा! त्याने कव्हरावर चित्रं आणली." त्या पोराच्या आईने त्याला वेळीच दुसरीकडे चिकटवलं असतं, तर आज माझी पाठ दुखली नसती.

त्याचा लाडका किस्सा मात्र रोलिंग स्टोन्स या रॉक बँडचा. १९७१ साली त्यांची 'स्टिकी फिंगर्स' आली. कव्हरावर जीन्स घातलेल्या माणसाचा कमरेखालचा फोटो आणि त्याला खरीखुरी, उघडमीट करता येणारी चेन. कल्पना चित्रकार अँडी वॉरहॉलची. पण गठ्ठे रचले की ती चेन शेजारच्या रेकॉर्डमध्ये रुतायची. शेवटी उपाय निघाला: माल पाठवतानाच चेन अर्धी खाली ओढायची, म्हणजे रुतली तरी मधल्या लेबलावर रुतेल, गाणं वाचेल. हे सगळं तो पाहुण्यांसमोर हातवारे करून सांगतो. सासूबाईंनी एकदाच विचारलं, "आणि घरी नेल्यावर ती वर कोण करतं?" त्यावर त्याच्याकडे माहिती नव्हती.

बीटल्सची 'ॲबी रोड' (१९६९) त्याने भिंतीवर लावली आहे. चौघं एका ओळीत झेब्रा क्रॉसिंगवरून चाललेत, पुढच्या बाजूला ना बँडचं नाव ना अल्बमचं. एक जण अनवाणी. सासूबाईंच्या मते चप्पल देवळाबाहेरून गेली असणार.

मला विचाराल तर खरी गंमत आपल्याकडच्या कव्हरांत आहे. हिंदी सिनेमाचं असेल तर नायक-नायिकेची मुंडकी आभाळभर आणि खाली कोपऱ्यात एकाच वेळी नाच, मारामारी आणि घोडा. शास्त्रीय संगीताचं असेल तर भडक नारिंगी पार्श्वभूमीवर बुवा. फोटोग्राफर "हसा" म्हणाला असावा आणि बुवांनी षड्ज लावला असावा. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या इंग्रजीत रागाची माहिती. ती वाचल्यावर यमनाचीसुद्धा भीती वाटते.

पुसता पुसता मी वाचते ते वेगळंच, पेनाने लिहिलेलं. "शुभविवाहानिमित्त सप्रेम भेट, आत्या व सर्व मंडळी." त्याखाली दुसऱ्या अक्षरात, "ऐकून परत करावी." त्याखाली तिसऱ्या अक्षरात, लाल शाईने, "आठवण: परत करावी." ती परत गेली नाही, याला आमचं कपाट साक्षी आहे. आत्याबाईंना हे कळलं असेल का, या विचारात माझं अख्खं एक कव्हर दोनदा पुसून झालं.

परवा घरी सत्यनारायण होता. नवऱ्याला हुक्की आली: मंद आवाजात अभंग लावू, वातावरण होईल. नव्या सुईचा प्लेअर बाहेर आला. संतवाणीचं कव्हर निघालं, विठोबाचं चित्र, कोपरे शाबूत. नवऱ्याने ते सगळ्यांना फिरवून दाखवलं, लॅमिनेशनची तारीफ केली आणि आतली तबकडी न बघताच लावली. तबकडीकडे बघायची त्याला सवयच नाही.

'शोले'च्या संवादांची एलपी पॉलिडॉरने काढली होती आणि ती भरपूर खपली होती, हे मला त्याच्याकडूनच माहीत होतं. तिच्यातली एक आमच्या घरात, विठोबाच्या मागे बसली आहे, हे मात्र तेव्हा कळलं. गुरुजी डोळे मिटून संकल्प सांगत होते. थोडी खरखर झाली आणि गब्बरसिंगने भरल्या घरात आपला तो जगप्रसिद्ध प्रश्न विचारला.

गुरुजींनी डोळे उघडले नाहीत. स्वयंपाकघराच्या दिशेने हात करून म्हणाले, "तीस-पस्तीस धरा. शिरा कमी पडायला नको."