रोज 200 कर्लच्या मेसेजबद्दल खुलासा

'रोज 200 कर्ल मारा, महिन्यात दंड 2 इंच वाढतील' (कर्ल म्हणजे हातात वजन धरून कोपरातून हात वाकवणं) हा मेसेज आमच्या जिमच्या ग्रुपवर फिरतोय. हे खरं नाही. सेट संपल्या संपल्या टेप लावली की दंड जास्त भरतो, पण ती रक्ताने आलेली फूग असते, थोड्या वेळात उतरते. माप सकाळी उठल्यावर घ्या. शिवाय कर्ल हा दंडाच्या पुढच्या स्नायूचा, बायसेप्सचा व्यायाम, आणि दंडात त्यापेक्षा मागचा स्नायू, ट्रायसेप्स मोठा. कोपर ताठ करून दंडाची मागची बाजू दाबा, हाताला लागेल. आठवड्यातून दोनदा दोन्हींचा व्यायाम मारा, वजन हळूहळू वाढवा, मध्ये विश्रांती घ्या. रोज मारून कोपर धरून बसलेली पोरं मी पाहिली आहेत. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका, पाठवला असेल तिथे हा खुलासा टाका.