‘अभिप्राय उत्तम, म्हणजे प्रशिक्षण यशस्वी’ हे का पटत नाही

बी.एड., डी.एल.एड.च्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मेसेज फिरतोय. म्हणे, भावी शिक्षकांच्या प्रशिक्षणाचं यश अभिप्राय आणि हजेरीवरून कळतं. फारच शंका असेल तर शाळेतल्या मुलांचे गुण बघा; वर्गात बसून पाठ पाहणं ही नुसती कागदं रंगवणं. धुळे-नंदुरबारच्या छात्राध्यापकांबरोबर, म्हणजे शिक्षक व्हायला शिकणाऱ्यांबरोबर, काम करताना मला यातलं एकही विधान टिकताना दिसलं नाही.

अभिप्राय. तो भरला जातो शेवटच्या दिवशी, एसटी गाठायच्या घाईत, वर नाव लिहून. आणि गोळा करणाऱ्याच्याच हातात अंतर्गत गुण असतात. ‘बरं नव्हतं’ असं कोण लिहील? अमेरिकन अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या मांडल्या: प्रतिक्रिया, शिकणं, वागण्यातला बदल, परिणाम. आपला फॉर्म पहिल्याच पायरीवर थांबतो.

हजेरीबद्दल थोडक्यात. 2020 च्या शैक्षणिक धोरणात शिक्षकांसाठी वर्षाला 50 तासांचा व्यावसायिक विकास सांगितला आहे. तास भरले, एवढंच हजेरीपटावरून कळतं.

वर्गात बसणं मात्र मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मुलांच्या घरच्या भाषेतून शिकवण्याचं प्रशिक्षण झालं, असं समजा. शिंदखेड्याकडच्या पहिलीच्या वर्गात छात्राध्यापिका चित्र दाखवून ‘हे काय आहे?’ विचारते, मुलं गप्प. तेच अहिराणीत, ‘हाई काय शे?’ म्हटल्यावर हात वर होतात. हे तिला प्रशिक्षणात कळलं होतं का, आणि कळलं असेल तर ती वर्गात ते वापरते का, हे कुठल्याही फॉर्मवर उमटत नाही.

आणि ती वापरत नसेल, तर दोष प्रशिक्षणाचाच असेल असंही नाही. ती त्या वर्गात पाहुणी असते. ‘पोर्शन राहिलाय, तुमचं गटकार्य नंतर घ्या,’ असं वर्गशिक्षकांनी सांगितलं की विषय संपला. म्हणूनच अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ थॉमस गस्की यांनी 2000 साली शिक्षक-प्रशिक्षणाचं मूल्यमापन मांडताना संस्थेच्या पाठबळाची वेगळी पायरी ठेवली. ते तपासायला मुख्याध्यापकांशी आणि वर्गशिक्षकांशी बोलावंच लागतं.

राहिले गुण. दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये शालेय आंतरवासिता (शाळेत राहून शिकवण्याचा सराव) एकूण 20 आठवड्यांची, त्यातले 16 दुसऱ्या वर्षी. तेवढ्यात वाढलेले गुण छात्राध्यापिकेमुळे की वर्षभर शिकवणाऱ्या गुरुजींमुळे? नंदुरबारकडे तर ऊसतोडीला गेलेल्या आईबापांबरोबर मुलंही जातात. परीक्षेला बसलेला वर्ग सुरुवातीचा वर्ग नसतोच. त्यामुळे गुण घसरले, तर त्याचं खापर छात्राध्यापिकेवर फोडणं अन्यायाचं आहे.

कागदांची तक्रार एका बाबतीत रास्त आहे: रकान्यांत नुसत्या खुणा करायचे निरीक्षण-तक्ते खरंच निरुपयोगी आहेत. ते बंद करा. प्रशिक्षणाआधी एक पाठ पाहा, नंतर एक, आणि काही महिन्यांनी पुन्हा एक. तिन्ही पाठांच्या नोंदी शेजारी ठेवून छात्राध्यापिकेशी बोला. अभिप्रायाचा फॉर्मही ठेवा, पण बिननावाचा, आणि गुण जाहीर झाल्यावर भरून घ्या.