शब्द फक्त ७ टक्के? वर्गात शिकवल्या जाणाऱ्या एका चुकीच्या गणिताचा प्रतिवाद

संवादकौशल्याच्या तासाला, प्लेसमेंटच्या तयारीत आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या तक्त्यांत एक दावा हमखास भेटतो: बोलण्याचा परिणाम ७ टक्के शब्दांचा, ३८ टक्के आवाजाचा आणि ५५ टक्के देहबोलीचा. सोबत मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांचं नाव असतं.

‘हे संशोधनाने सिद्ध झालंय.’

नाही. आकडे १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन छोट्या प्रयोगांतले. पहिल्यात सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले, चेहरा नव्हताच. दुसऱ्यात ‘मेबी’ (कदाचित) हा एकच शब्द तीन सुरांत ऐकवला आणि सोबत चेहऱ्यांची छायाचित्रं दाखवली. शब्द मुद्दाम निर्विकार निवडलेला, त्यामुळे शब्दांचा प्रभाव तिथे मोजलाच गेला नाही. शब्द, सूर आणि चेहरा या तिन्हींचा प्रभाव एकाच प्रयोगात कधी एकत्र मोजला गेला नाही. दोन्हींचे निष्कर्ष जोडून ७-३८-५५ तयार झालं.

प्रश्नही एकच होता: बोलणाऱ्याच्या मनात समोरच्याबद्दल आपुलकी आहे की नावड? भावना किंवा आवडनिवड यांविषयी बोलणं नसेल तर हे सूत्र लागू नाही, असं मेहराबियन यांनी स्वतःच स्पष्ट केलं आहे.

या दाव्यात तथ्याचा अंश आहे, तोही विद्यार्थ्यांना सांगायला हवा. ‘बघू’ किंवा ‘हो का!’ म्हणजे होकार की टाळाटाळ, कौतुक की टोमणा, हे सुरावरूनच कळतं. पण ‘फॉर्म भरायची शेवटची तारीख १५ आहे’ हे कोणत्याही सुरात सांगा, १५ ची १६ होत नाही.

‘सगळ्याच संवादाला हे लागू पडतं.’

वर्गातच तपासा. माहिती देणारी दोन मिनिटांची अनोळखी चित्रफीत घ्या, उदाहरणार्थ फवारणीचं प्रमाण समजावणारी. वर्गाचे तीन गट करा: एकाला आवाज बंद करून चित्र, दुसऱ्याला फक्त आवाज, तिसऱ्याला फक्त लिखित मजकूर. तिघांना तेच पाच प्रश्न द्या, तीन माहितीचे आणि दोन बोलणाऱ्याच्या भावनेबद्दलचे. शब्द खरंच ७ टक्के असतील, तर माहितीच्या प्रश्नांतही आवाज बंद असलेला गट पुढे असायला हवा. दोन्ही प्रकारांची बेरीज वेगवेगळी मांडा, कारण एकत्र केली तर नेमका मुद्दाच झाकला जातो. गाजलेलं भाषण किंवा पडद्यावर आकडे असलेली फीत टाळा. मूक गटाला उत्तरं आयती मिळतात.

‘म्हणून गुणही देहबोलीला द्यावेत.’

खरं नुकसान इथे होतं. २० गुणांच्या सादरीकरणात नजर, पेहराव, हावभाव आणि ‘उच्चार’ यांनाच दहा-बारा गुण गेले, तर परीक्षा विषयाची राहत नाही, घरच्या वातावरणाची होते. थोरांसमोर नजर खाली ठेवणं हा अनेक घरांत आदर समजला जातो. गुणांच्या तक्त्यात तोच ‘आत्मविश्वासाचा अभाव’ ठरतो. अंध किंवा स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) विद्यार्थ्याचे गुण तर तोंड उघडण्याआधीच जातात. नजर चुकवणं हे खोटेपणाचं खात्रीलायक लक्षणही नव्हे.

उच्चारांचं तसंच. ‘आनि-पानी’ म्हणणाऱ्याचा प्रत्येक शब्द कळलेला असतो. कापले जातात ते गुण त्याच्या गावाचे आणि जातीचे. कसोटी एवढीच ठेवा: उच्चारामुळे अर्थ बदलला किंवा ऐकणारा अडला का? नसेल तर गुण कापू नका.

आम्ही सुचवतो ती विभागणी: मुद्द्यांची मांडणी आणि पुरावा ८, ऐकणाऱ्याला समजेल अशी भाषा ५, प्रश्नांना उत्तरं ४, आवाज आणि वेग ३. शेवटच्या तीन गुणांसाठी मागच्या बाकावरच्या दोघांना विचारा, नीट ऐकू आलं का. ध्वनिक्षेपक असेल तर सगळ्यांना द्या. हा तक्ता विद्यार्थ्यांच्या हाती किमान आठवडाभर आधी पडू द्या.

शक्य असेल तिथे दुसऱ्या परीक्षकाला फक्त ध्वनिमुद्रण ऐकवून मांडणी आणि भाषेचे १३ गुण द्यायला सांगा. दोघांत तीनपेक्षा जास्त फरक पडला, तर कोणत्या वाक्यामुळे पडला ते दोघांनी लिहून मग ठरवावं. बोट ठेवायला वाक्य सापडलं नाही, तर तो फरक बहुधा दिसण्याचाच असतो. आणि क्रम हजेरीपटावरून लावू नका, चिठ्ठ्या टाका. नाहीतर दर वेळी त्याच आडनावांची मुलं परीक्षक थकल्यावर उभी राहतात.