‘लिनक्सवर सगळे ऑनलाइन गेम चालतात’: चालत नाहीत, आणि त्या फॉरवर्डमधले जुगाड करू नका

एक मजकूर सध्या ग्रुपाग्रुपांत फिरतोय. त्याचा सारांश असा: ‘विंडोज १० बंद झालं, जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाका. प्रोटॉनमुळे व्हॅलोरंट, फोर्टनाइट, जीटीए ऑनलाइन सगळं चालतं. अँटी-चीटने अडवलं तर व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवा किंवा सोबतची पॅच फाइल टाका, कोणाला कळत नाही. बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करून टाका. पिंग निम्मा, एफपीएस दुप्पट. कंपन्या मायक्रोसॉफ्टचे पैसे खाऊन एक बटण दाबत नाहीत, एवढंच.’

बारावीतल्या भाच्याने ‘उद्या करून टाकू का?’ असं विचारत हेच पाठवलं, म्हणून लिहितोय. लिनक्सवर गेम चालावेत असं मनापासून वाटणाऱ्यांचंच अशा मजकुरामुळे जास्त नुकसान होतं. पोरं लॅपटॉप फॉरमॅट करतात, गेम सुरू होत नाही आणि शिव्या लिनक्सला बसतात.

सगळ्यात घातक मुद्दा आधी घेतो: व्हर्च्युअल मशीन (एका सिस्टिमच्या आत चालवलेला दुसरा आभासी कॉम्प्युटर) आणि पॅच फाइल.

प्रोटॉन म्हणजे वाइनवर (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) उभं असलेलं, स्टीमवाल्या व्हॉल्व्ह कंपनीचं साधन, ऑगस्ट २०१८ मध्ये आलेलं. गेम विंडोजकडे जे मागतो ते प्रोटॉन लिनक्सला समजेल अशा रूपात पुढे पाठवतं. डायरेक्टएक्स (विंडोजची ग्राफिक्सची पद्धत) ९ ते ११ चं काम डीएक्सव्हीके करतं, १२ चं व्हीकेडी३डी-प्रोटॉन, आणि दोन्ही ते व्हल्कनमध्ये, म्हणजे लिनक्सवर चालणाऱ्या ग्राफिक्सच्या पद्धतीत, उतरवतात. हे सगळं होतं कर्नेलच्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या, बाहेर. व्हॅलोरंटचं वॅनगार्ड हे अँटी-चीट (फसवून खेळणाऱ्यांना पकडणारा प्रोग्राम) मात्र विंडोजच्या कर्नेलमध्ये बसणारा ड्रायव्हर आहे आणि तो मशीन सुरू होतानाच लोड होतो. लिनक्सखाली विंडोजचं कर्नेलच नाही, तर हा ड्रायव्हर बसणार कुठे? प्रोटॉनची आवृत्ती बदलून यात काहीही फरक पडत नाही. मे २०२४ मध्ये लीग ऑफ लेजेंड्सला वॅनगार्ड लागलं आणि तोवर वाइनवर नीट चालणारा तो गेम लिनक्सवर बंद पडला.

‘मग व्हर्च्युअल मशीनमध्ये खरं विंडोज टाकू.’ तिथेही वॅनगार्ड चालू देत नाही. आपण हायपरवायझरखाली (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरखाली) आहोत का, हे प्रोसेसरच्या सीपीयूआयडी सूचनेतूनच विचारता येतं. ते उत्तर लपवायची सेटिंग आहे, पण मग वेळ मोजला जातो. ही सूचना व्हर्च्युअल मशीनमध्ये प्रत्येक वेळी बाहेरच्या यजमानाकडे जाऊन येते, त्यामुळे तिला खऱ्या मशीनपेक्षा कितीतरी पट वेळ लागतो. शिवाय व्हर्च्युअलबॉक्ससारख्या साध्या व्हर्च्युअल मशीनमध्ये ग्राफिक्स इतकं दुबळं असतं की खेळण्याजोगा वेग मिळत नाही. ग्राफिक्स कार्ड थेट आत द्यायचं तर प्रोसेसर-मदरबोर्डला आयओएमएमयू ही सोय लागते, शक्यतो दोन कार्डं लागतात आणि रॅम दोन्ही सिस्टिमांत वाटावी लागते. आठ जीबीच्या लॅपटॉपवर हा विषयच नको.

आणि ‘कोणाला कळत नाही’ हे साफ खोटं आहे. बंजीने डेस्टिनी २ बद्दल लेखीच सांगितलंय की प्रोटॉनवर गेमला पाठिंबा नाही आणि ही अडवणूक चुकवायचा प्रयत्न केला तर बंदी येईल. अँटी-चीटची फाइल बदलणं म्हणजे त्यांच्या दृष्टीने थेट छेडछाड, मग हेतू चीटिंगचा असो वा नसो. वॅनगार्ड तर खात्याबरोबर मशीनवरही बंदी घालू शकतं. एकाच पीसीवर भाऊ-बहीण खेळत असतील तर दोघंही बाहेर. वर ती ‘पॅच’ची स्क्रिप्ट सुडो पासवर्ड मागत असेल तर संपलंच. तो दिला की स्क्रिप्टला अख्खं मशीन मोकळं. आणि नाही दिला तरी तुमच्या होम फोल्डरमधली ब्राउझरची साठवलेली लॉगिनं आणि स्टीमचं सेशन ती वाचू शकतेच. असली फाइल उघडूही नका.

आता ‘एक बटण’. इथे अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. सप्टेंबर २०२१ मध्ये ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन्ही अँटी-चीट बनवणाऱ्यांनी प्रोटॉनसाठी दार उघडलं. व्हॉल्व्हने गेम बनवणाऱ्यांसाठी लिहिलेल्या स्टीमवर्क्सच्या कागदपत्रांत पायऱ्या स्पष्ट आहेत. ईझी अँटी-चीट असेल तर त्यांच्या पोर्टलवर लिनक्सचं मॉड्यूल चालू करायचं, लिनक्सची लायब्ररी फाइल विंडोजच्या डीएलएलशेजारी ठेवायची आणि नवं बिल्ड टाकायचं. बॅटलआय असेल तर त्या कंपनीला कळवायचं. काम खरंच छोटं आहे.

पण त्या बटणानंतर काय, हे फॉरवर्डवाला सांगत नाही. लिनक्सवरचं हे मॉड्यूल साध्या प्रोग्रामच्या हक्कांनी चालतं, त्याला कर्नेलमध्ये डोकावता येत नाही. लिनक्समध्ये कर्नेल कोणालाही स्वतः बदलून, बांधून बूट करता येतं. हेच लिनक्सचं बळ, आणि याचाच अर्थ असा की चीट कर्नेलमध्ये बसलं तर वरच्या अँटी-चीटला हवं ते खोटं सांगू शकतं. एपेक्स लेजेंड्सने हे बटण दाबलं होतं. गेम स्टीम डेकवर (व्हॉल्व्हचं लिनक्सवर चालणारं हातातलं कन्सोल) दोनेक वर्षं चालला आणि ३१ ऑक्टोबर २०२४ ला त्यांनी लिनक्स बंद केलं. कारण दिलं ते चीट्सचं. त्यांचा निर्णय मला पटलेला नाही, कारण विंडोजवर कर्नेल ड्रायव्हर असूनही चीट विकली जातातच. पण कारण तांत्रिक आहे, लाचेचं नाही.

मायक्रोसॉफ्टच्या पैशांची गोष्ट तर दोन उदाहरणांत कोसळते. मायक्रोसॉफ्टचंच हेलो: द मास्टर चीफ कलेक्शन ईझी अँटी-चीटसकट लिनक्सवर ऑनलाइन चालतं. आणि ईझी अँटी-चीट ज्यांच्या मालकीचं आहे त्या एपिकचा फोर्टनाइट चालत नाही. कोणी कोणाला पैसे दिले म्हणायचे?

‘जीटीए ऑनलाइन चालतं’ हे सप्टेंबर २०२४ पर्यंत खरं होतं. तेव्हा बॅटलआय आलं, लिनक्सची परवानगी दिली गेली नाही, आणि आता फक्त स्टोरी मोड चालतो. म्हणूनच प्रोटॉनडीबी या साइटवरचं (गेम प्रोटॉनवर कसा चालतो हे खेळणारे तिथे नोंदवतात) रेटिंग बघून फसू नका, ते बऱ्याचदा एकट्याने खेळायच्या भागाबद्दल असतं. ऑनलाइनसाठी ‘आर वी अँटी-चीट यट’ (Are We Anti-Cheat Yet) या यादीत गेमचं नाव शोधा. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ थेट लिनक्सचे आहेत. एल्डन रिंग आणि मार्व्हल रायव्हल्स प्रोटॉनवर ऑनलाइन चालतात. पबजी, रेनबो सिक्स सीज, बॅटलफील्ड ६: नाही.

पिंगबद्दल (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) एवढंच: तो तुमच्या इंटरनेटवाल्याच्या मार्गावर आणि सर्व्हर किती लांब आहे यावर ठरतो. मुंबईचा सर्व्हर लिनक्स टाकल्याने जवळ येत नाही. एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या चौकटी) एएमडी कार्डवर साधारण बरोबरीत राहतो, एनव्हिडियावर डायरेक्टएक्स १२ चे गेम बऱ्याचदा मागे पडतात.

विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं. पण २२एच२ आवृत्ती असेल तर सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत नोंदणी करून मिळतात. आणि ‘जुना लॅपटॉप’ हीच मेख आहे: डीएक्सव्हीके २ ला व्हल्कन १.३ लागतं. जीटी ७१० सारख्या एनव्हिडियाच्या जुन्या केप्लर पिढीच्या कार्डांचा शेवटचा ड्रायव्हर ४७० मालिकेचा, तो व्हल्कन १.२ वर थांबतो. मग जुनं प्रोटॉन ७ वापरावं लागतं आणि नवे गेम सोडून द्यावे लागतात.

राहिलं सिक्युअर बूट, म्हणजे मशीन सुरू होताना खात्रीची सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारी सेटिंग. उबुंटूसारख्या डिस्ट्रो (लिनक्सचे तयार प्रकार) ते चालू असतानाही बसतात, बंद करायची गरज नाही. एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. रीस्टार्टला निळा पडदा येतो, तिथे ‘एनरोल मॉक’ (Enroll MOK) निवडून तोच पासवर्ड द्यायचा. घाईत ‘कंटिन्यू बूट’ दाबलंत तर ड्रायव्हर लोड होत नाही, आणि मग गेम पाच एफपीएसवर का रखडतोय हे कळत नाही. सिक्युअर बूट बंद केलंत तर शेजारच्या विंडोज ११ मधला व्हॅलोरंट ‘व्हॅन ९००३’ (VAN 9003) हा एरर दाखवून थांबेल. बॅटलफील्ड ६ लाही ते चालूच लागतं.

शिवाय बायोसमध्ये हात घातल्यावर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारं विंडोजचं साधन) ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. कित्येक नव्या लॅपटॉपवर ते मालकाला न सांगताच चालू असतं. ही की बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ती आधी कागदावर उतरवून घ्या. दोन्ही सिस्टिम ठेवणार असाल तर स्टीमची लायब्ररी विंडोजच्या एनटीएफएस पार्टिशनवर ठेवू नका. प्रोटॉन ‘सी:’ नावाच्या लिंक बनवतं, विंडोजला फाइलच्या नावात कोलन (:) चालत नाही, आणि गेम काही न सांगता बंद पडतो. लिनक्सच्या गेमसाठी वेगळं ईएक्सटी४ पार्टिशन करा, निदान १०० जीबीचं.