एक गळती, पाच निवारणं

माझ्या दारासमोर पाण्याची पाइपलाइन गळतेय. कारंजं वगैरे नाही, जॉइंटमधून झिरपतंय. दिवसरात्र. रस्त्यावर कायमची ओल, तिच्यावर शेवाळ, आणि दुचाकीवाले तिथे आले की आपोआप पाय खाली सोडतात, इतकं ते सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय. या एका गळतीची मी पालिकेच्या ॲपवर पाच वेळा तक्रार केली. पाचही वेळा मेसेज आला, "आपल्या तक्रारीचे निवारण करण्यात आले आहे." पाणी वाहतंच आहे.

पण डोकं फिरलं ते यामुळे नाही. ते फिरलं काल, कारभाऱ्यांचं कामगिरीपत्रक दारात येऊन पडलं तेव्हा. गुळगुळीत कागद, हसरे चेहरे, आणि एक चढता आलेख: तक्रार निवारणात भरीव वाढ. मी उभ्या उभ्या हिशोब केला. बंद झालेलं प्रत्येक तिकीट, म्हणजे ॲपवरची तक्रारीची नोंद, हे यांच्या लेखी एक निवारण. म्हणजे माझी ही एकच गळती यांच्या खात्यात पाच निवारणं म्हणून जमा आहे! पहिल्याच खेपेला जॉइंट नीट बसवला असता तर एकच धरलं गेलं असतं. काम न केल्यामुळे यांचा आलेख चढला. आणि तो चढवायला हातभार कोणाचा, तर माझा.

तिसऱ्या तक्रारीला एक माणूस खरंच आला होता, ते सांगतो. गाडीचं इंजिन चालूच. खिशातून मोबाइल काढला, रस्त्याच्या कोरड्या बाजूचा फोटो घेतला आणि निघाला. मी गेटमधून ओरडलो, "अहो, गळती इकडे आहे!" तर म्हणतो, "दिसतंय हो साहेब. पण फोटो टाकल्याशिवाय तिकीट क्लोज होत नाही, आणि संध्याकाळपर्यंत क्लोज झालं नाही तर वरती लाल दिसतं." खोदायची परवानगी दुसऱ्या खात्याकडून यायची, ती काही येत नाही. त्याच्यावर चिडून काय करणार? त्याच्याकडे ना पाना होता ना पाइप. त्याला लाल पुसायला पाठवलं होतं, ते त्याने पुसलं.

हे काही आपणच शोधून काढलेलं नाही म्हणा. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाबद्दल लिहिताना हेच म्हटलं होतं. एखाद्या आकड्याला धरून कारभार हाकायला लागलात की तो आकडा भरवशाचा राहत नाही. इंग्लंडमध्ये सरकारी रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांना चार तासांची मुदत घालून दिली, आलेल्या रुग्णाचा त्याच्या आत निकाल लागलाच पाहिजे. मग काही ठिकाणी रुग्णवाहिका दाराबाहेर उभ्या राहायला लागल्या, कारण रुग्ण आत घेतला की घड्याळ सुरू! आत सगळं वेळेत, बाहेर माणूस गाडीत पडून. तरी बरं, तिथे निदान वेळ मोजत होते. आमच्याकडे फोटो मोजतात.

बरं, त्या पत्रकात आणखी काय आहे? अमुक किलोमीटर जलवाहिनी टाकली, तमुक दिवे लावले, इतके कोटी खर्च केले. खर्च केले ही कामगिरी कधीपासून झाली? पैसे खर्च करणं ही जगातली सगळ्यात सोपी गोष्ट आहे. मला सांगा, नळाला पाणी किती तास येतं, किती जोराने येतं, ठरलेल्या वेळेला येतं का, आणि आलं तर पिण्यासारखं असतं का. पाइप किती लांब आहे याच्याशी मला काय करायचंय? दिवे लावले, पण रात्री किती पेटतात? आणि सरासरी नावाचं जे पांघरूण आहे ना, ते तर ओढून फाडावंसं वाटतं. टाकीच्या पायथ्याला अठरा तास पाणी आणि शेवटच्या टोकाला दोन तास, सरासरी दहा. पत्रकात छापायला दहा छान दिसतं. शेवटच्या टोकाचा माणूस मात्र त्या दोन तासांसाठी पहाटे उठून बसलेला असतो.

त्याहून मोठी लबाडी म्हणजे श्रेयाची. पाऊस चांगला झाला, धरण भरलं, पाणी वाढलं: आमच्या कारभारामुळे. पाऊस कमी झाला, पाणी कापलं: निसर्गापुढे कोणाचं काय चालतं! आम्ही यायच्या आधी काय होतं, हे विचारलं तर आधीच्या नोंदीच नाहीत, किंवा आहेत पण मोजायची पद्धत मधेच बदललीय. नोंदीच नसताना वाढ कशाच्या तुलनेत काढली, देव जाणे. विरोधकही त्याच माळेचे मणी. एका खड्ड्याचा फोटो टाकला की यांच्या लेखी सगळं शहर बुडालं. खड्डा गेल्या वर्षी होता का, शेजारच्या वॉर्डात किती आहेत, हे कोणी विचारायचं नाही.

आणि अशी तुलना करून मोजणं अवघड आहे असं कोणी मला सांगू नये. १८५४ मध्ये लंडनला कॉलऱ्याची साथ होती तेव्हा जॉन स्नो नावाच्या डॉक्टरने हे करून दाखवलंय. दक्षिण लंडनच्या काही भागात दोन कंपन्यांचे नळ एकाच रस्त्यावर, शेजारी शेजारी. लॅम्बेथ कंपनीने १८५२ मध्ये पाणी उचलायची जागा थेम्सच्या वरच्या, स्वच्छ अंगाला नेली होती. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी मात्र गटाराच्या घाणीतलंच पाणी देत राहिली. गल्ली तीच, हवा तीच, माणसंही साधारण तशीच, फरक फक्त पाण्याचा. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत दर दहा हजार घरांमागे मृत्यू साउथवर्ककडे ३१५, लॅम्बेथकडे ३७. आणि हे आकडे त्याने कंपनीच्या पत्रकातून उचलले नाहीत. मृत्यू झालेल्या घरांची चौकशी करत तो दारोदार फिरला. आपल्याकडे कोणाचं पाणी येतं हेच काही घरांना माहीत नव्हतं, तर तिथलं पाणी घेऊन त्यातल्या मिठाच्या प्रमाणावरून त्याने कंपनी ओळखली. दारोदार! ॲप नव्हतं, डॅशबोर्ड नव्हता. आमच्याकडे दोन्ही आहेत, आणि माझ्या दारापर्यंत आलेला माणूस कोरड्या रस्त्याचा फोटो काढून जातो.

लांब कशाला, बंगळूरमध्ये नव्वदच्या दशकात नागरिकांनी सार्वजनिक सेवांचं प्रगतिपुस्तक काढलं होतं. ज्यांनी सेवा घेतली त्यांनाच विचारलं: काम झालं का, किती खेटे घातले, लाच द्यावी लागली का. शेरे बऱ्याच खात्यांना वाईटच मिळाले. पुढे १९९९ आणि २००३ मध्ये तोच प्रयोग पुन्हा केला, म्हणजे फरक पडला की नाही तेही दिसलं. यात रॉकेट उडवायचं नव्हतं. फक्त उत्तरपत्रिका तपासायचं काम परीक्षार्थ्याकडून काढून घ्यायचं होतं. आमच्याकडे ज्याच्याविरुद्ध तक्रार तोच ती बंद करणार, तोच बंद झालेल्या मोजणार आणि तोच स्वतःच्या पाठीवर शाबासकी देणार. तिकीट बंद करायचं बटण तक्रारदाराच्या हातात द्या की. एका महिन्यात तुमचा आलेख कुठे जातो बघू. बटण नाही तर नाही, निदान "तीच तक्रार पुन्हा" असा एक रकाना तरी ठेवा. तेवढ्याने पत्रकातला अर्धा चढ उतरेल, पैजेवर सांगतो.

काल सकाळी, ते पत्रक यायच्या आधी, सात वाजून दहा मिनिटांनी पाचवं तिकीट बंद झालं. मी तेव्हा दारातच उभा होतो. कोणी आलं नाही, गेलं नाही. मेसेजखाली लिंक होती, "आमच्या सेवेबद्दल आपला अभिप्राय नोंदवा." चहा बाजूला ठेवून, मनात शिव्यांची नीट जुळवाजुळव करून उघडली. पडद्यावर आलं, "अभिप्राय नोंदवण्याची मुदत संपली आहे."

बाहेर ओल गेटच्या खांबापर्यंत पोचलीय. सहावी तक्रार टाकायला घेतलीय, आणि बोट 'सबमिट'वर अडून बसलंय.